कुलूप कुणाचं, किल्ली कुणाची?

(बारामतीत भरलेल्या एका एकदिवसीय शिबिरात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या नोकरदार स्त्रिया, अंगणवाडी सेविका आणि बचत गटांच्या कार्यकर्त्या शिबिराला आल्या होत्या. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



निमगाव केतकी, लासुर्णे, भवानीनगर अशी वाट काढत इंदापूरकडच्या मैत्रिणी सकाळीच इथं पोचल्या. धारा, स्वयंपाक, पोरांचे डबे सगळं उरकून आल्यात. तेव्हा मी फार लांबण लावणार नाही.

आपण इथं दारूबंदीवर बोललो, पोटगीवर बोललो, सातबाऱ्यावर बाईचं नाव लावण्यावर बोललो. आज मला बोलायला सांगितलंय ते फोनच्या कुलपावर. कुणी म्हणेल, हा काय बायकांच्या चळवळीचा विषय झाला? तो तर कॉम्प्युटरवाल्यांचा विषय. मलाही आधी तसंच वाटायचं. पण गेल्या दोन-तीन वर्षांत माझ्याकडे ज्या तक्रारी आल्या, त्यातल्या बऱ्याच शेवटी फोनपाशीच येऊन थांबल्या. म्हणून ऐका, आणि मग तुम्हीच ठरवा.

माझ्या आईकडे पत्र्याची एक पेटी होती. लग्नात आलेली. घर सासऱ्यांचं, शेत सासऱ्यांचं, धान्य सासूच्या ताब्यात. आईचं म्हणून जे काही होतं ते त्या पेटीत. दोन लुगडी, भाऊबीजेला मामानं घातलेले पैसे, आम्हा भावंडांच्या जन्माचे दाखले आणि आजीचा एक फोटो. पेटीला एवढंसं कुलूप, आणि किल्ली आईच्या कनवटीला. वडिलांनी ती किल्ली कधी मागितली नाही. शेजारच्या काकूंना मात्र पेटीला कुलूप लावायचीच परवानगी नव्हती. "काय लपवायचंय एवढं?" हे वाक्य मी पहिल्यांदा तिथं ऐकलं. आज तेच वाक्य दर आठवड्याला कुणा ना कुणा बाईच्या तोंडून ऐकते. फक्त पेटीच्या जागी फोन आलाय.

आपलं बँकेचं खातं फोनमध्ये, दवाखान्याचे रिपोर्ट फोनमध्ये, गटाचा हिशेब फोनमध्ये, बहिणीपाशी रडलो तेही फोनमध्ये. आता हात वर करा. किती जणींच्या फोनला लॉक आहे? बऱ्याच आहेत. आता ज्यांच्या फोनचा आकडा फक्त त्यांनाच माहीत आहे, नवऱ्याला नाही, मुलाला नाही, दिराला नाही, त्यांनीच हात वर ठेवा. बघा किती हात खाली आले ते. आणि ज्यांनी हात वरच केला नाही, त्यांच्यातल्या काहींकडे फोनच घरातल्या दुसऱ्याचा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं होतं, की तुम्ही स्वतः वापरता असा मोबाईल तुमच्याकडे आहे का. देशात ५४ टक्के बायका 'हो' म्हणाल्या. म्हणजे जवळपास निम्म्या बायकांकडे तेव्हा स्वतःचा असा फोन नव्हता.

ऑफिसचं मेल आणि आपला फोन

आता नोकरीकडे येऊ. बारामतीच्या एमआयडीसीत, लोणी देवकरच्या एमआयडीसीत, साखर कारखान्यांच्या कचेऱ्यांत, बँकांत, पतसंस्थांत, दवाखान्यांत, कॉलेजांत आज आपल्या मुली टेबलावर बसून काम करतात. ही आपल्या आयांनी ऊस खुरपून शिकवलेली पिढी. एक दिवस साहेब म्हणतात, ऑफिसचं मेल मोबाईलवर घे, घरी गेल्यावरही बघता आलं पाहिजे. मोबाईल कुणाचा? तिचा. हप्त्यानं घेतलेला. रिचार्जही तिचाच.

ती फोनवर मेलचा पत्ता टाकते. मग पडद्यावर एक सूचना येते, बहुतेक वेळा इंग्रजीत. तिचा अर्थ असा, की मेल हवं असेल तर या फोनवर ऑफिसचे सुरक्षेचे नियम लागू होतील. खाली बारीक अक्षरात यादी असते. स्क्रीन लॉकचे नियम ठरवणं. लॉक उघडायचे चुकीचे प्रयत्न मोजणं. फोन लॉक करणं. आणि फोनमधलं सगळं पुसून टाकणं. 'मान्य' दाबल्याशिवाय मेल येत नाही. साहेब वाट बघत असतात. ती 'मान्य' दाबते. तुम्ही-आम्हीही दाबलं असतं.

त्यानंतर फोन तिला सांगतो, आता पिन ठेवा. चार आकडे चालणार नाहीत, सहा ठेवा. बोटानं काढायची नक्षी चालणार नाही. पाच मिनिटं हात लावला नाही तर मी आपोआप बंद होणार. आणि कुठं कुठं असाही नियम असतो, की ठरावीक वेळा आकडा चुकला तर फोन कोरा होणार. आता सांगा, ज्या घरात तीन वर्षांचं पोर तोच फोन घेऊन खेळतं, त्या घरात हा नियम बाईला किती महागात पडेल?

माझ्या ओळखीची एक मुलगी आहे, बारामतीजवळच्या गावातली. नाव सांगत नाही. तिच्या फोनला असं लॉक लागलं. त्या रात्री नवऱ्यानं विचारलं, "आजपर्यंत नव्हतं, आत्ताच कशाला? कोण आहे?" ती म्हणाली, "कंपनीचा नियम आहे. लॉक काढलं तर मेल बंद होतं." त्यानं स्वतः काढून बघितलं, निघेना. गप्प बसला. ती मला हसत हसत सांगत होती, की ताई, लग्नाला अकरा वर्षं झाली, माझी म्हणून पहिली बंद वस्तू मला कंपनीनं दिली.

मीही तेव्हा हसले. पण घरी जाताना मला वाईट वाटत राहिलं. बाईला आपल्या वस्तूला कुलूप लावायला स्वतःचं 'मला हवंय' पुरलं नाही. साहेबाचं नाव सांगावं लागलं. आणि हे फार दिवस टिकलंही नाही. दोन महिन्यांनी नवरा म्हणाला, "लॉक राहू दे, नंबर मला सांग." तिनं सांगितला. कंपनीचा नियम तिथं कामाला आला नाही, कारण कंपनीला तिच्या घरातल्या भांडणाशी काही देणंघेणं नव्हतं. कंपनीला फक्त कंपनीचं मेल सांभाळायचं होतं.

दुसरी गोष्ट माझी स्वतःची. मी एका कार्यालयात काही वर्षं काम करत होते. कोणतं ते सांगण्यात अर्थ नाही. त्यांचं मेल माझ्या फोनवर होतं. सोडताना नीट निरोप झाला, कुणाशी भांडण नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन उघडला तर नवा कोरा. भाषा निवडा म्हणून विचारत होता. माझं खातं बंद करताना तिकडं कुणीतरी 'पुसा' असं बटण दाबलं होतं. त्या फोनमध्ये माझ्या आईनं जात्यावर म्हटलेल्या ओव्या होत्या. तिच्या शेवटच्या दिवाळीत मी त्या भरून घेतल्या होत्या. दुसरीकडे कुठं ठेवल्या नव्हत्या, ही माझी चूक. पण त्या पुसायचा अधिकार मी कुणाला कधी दिला? विचारल्यावर उत्तर आलं, "मॅडम, तुम्हीच 'मान्य' केलं होतं." आणि ते खरं होतं.

आता ऑफिसची बाजूही प्रामाणिकपणे बघू. फोन एसटीत राहतो, बाजारात चोरीला जातो. मेलमध्ये कुणाच्या कर्जाचे कागद असतात, कुणाचे रक्ताचे रिपोर्ट असतात. दवाखान्यातल्या नर्सच्या फोनवर एखाद्या बाईच्या गर्भपाताची नोंद असेल आणि तो फोन उघडा पडून असेल, तर ते आपल्याला तरी चालेल का? तेव्हा लॉक ठेवा हे सांगणं चूक नाही. आणखी एक समज दूर करते. नुसतं मेल फोनवर घेतल्यानं ऑफिसला तुमचे फोटो दिसत नाहीत, व्हॉट्सॲपवरचं बोलणं वाचता येत नाही. उगाच घाबरायचं नाही. मात्र मेलबरोबर फोनवर ताबा ठेवणारं वेगळं ॲप घालायला लावलं असेल, तर ते काय काय बघू शकतं हे विचारलंच पाहिजे.

मुद्दा असा आहे की पुसायची सोय आता नुसत्या कामापुरतीही ठेवता येते. अँड्रॉइड फोनमध्ये २०१४ पासून कामाचा कप्पा वेगळा करायची व्यवस्था आहे. तशी केली, तर ऑफिसला फक्त आपला कप्पा पुसता येतो, बाईचे फोटो आणि निरोप जागच्या जागी राहतात. काही मेलच्या ॲपमध्ये फक्त त्या ॲपमधलंच पुसलं जातं. म्हणजे उपाय आहे. तो करायचा की नाही हे ऑफिस ठरवतं, आणि बाईला कुणी विचारत नाही, म्हणून तिचा अख्खा फोन तारण पडतो.

आणि हे नुसतं फोटोंपुरतं नाही. समजा वरिष्ठ रात्री अकराला नको ते निरोप पाठवतोय. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ साली झाला. दहा किंवा जास्त माणसं जिथं काम करतात तिथं अंतर्गत समिती असलीच पाहिजे. बाई समितीपुढं जाणार, तर पुरावा कुठं? फोनमध्ये. आणि तो फोन पुसायचं बटण कुणाकडं? ज्या ऑफिसविरुद्ध ती बोलणार, त्याच ऑफिसकडं. असं मुद्दाम कुणी करेल असं मी म्हणत नाही. पण माझ्या बाबतीत मुद्दाम न करताही झालं. म्हणून सांगते, तक्रार करायचं मनात आलं की पहिलं काम म्हणजे ते निरोप तारखेसकट दुसरीकडे उतरवून ठेवायचे, आणि मूळ फोन जपायचा.

अंगणवाडीताईंनी परत केलेले फोन

ज्यांना ऑफिसचं मेल नाही त्या म्हणतील, हे शिकलेल्या पोरींचं झालं, आमचं काय? तुमचंच मोठं आहे.

अंगणवाडी योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. चाळीसेक वर्षं सगळा कारभार रजिस्टरांवर चालला. २०१८ च्या महिला दिनी पोषण अभियान सुरू झालं आणि रजिस्टरची जागा मोबाईलनं घ्यायची ठरलं. महाराष्ट्रात २०१९ मध्ये सेविकांना सरकारी फोन मिळाले. ते थोड्याच दिवसांत अडकायला लागले. मेमरी कमी, माहिती जास्त. मग १ मार्च २०२१ ला केंद्र सरकारनं पोषण ट्रॅकर हे नवं ॲप आणलं. ते त्या फोनवर धड चालेना, वर इंग्रजीत. फोनची वॉरंटी संपलेली. दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या गळ्यात. तेव्हा सेविकेचं मानधन महिना ८,३२५ रुपये होतं. एका दुरुस्तीत त्यातले काही हजार जायचे.

मग २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी काय केलं, तर पिशव्या भरभरून ते फोन प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. चांगला फोन द्या, ॲप मराठीत द्या, नाहीतर आमचं रजिस्टर बरं, असं म्हणाल्या. इथं बसलेल्या काही जणींना ते दिवस आठवत असतील. फोन परत केल्यावर दट्ट्या आला तो असा, की मग तुमच्या स्वतःच्या फोनवर माहिती भरा. स्वतःचा फोन म्हणजे कोणता? त्या दीड वर्षात शाळा बंद होत्या, घरातल्या एकुलत्या एका फोनवर मुलाचे वर्ग चालायचे. तोच फोन. २०२३ च्या फेब्रुवारीत सेविका-मदतनिसांनी बेमुदत संप केला, त्यातही मानधनवाढीबरोबर नवा मोबाईल ही मागणी होतीच. त्या वर्षी सेविकांचं मानधन १०,००० रुपये करायची घोषणा झाली.

यात एक विसंगती बघा. पगार म्हटला की सरकार म्हणतं, तुम्ही कर्मचारी नाही, मानसेवी आहात. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सांगायला २५ एप्रिल २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. पण फोनवर हुकूम चालवताना मात्र तुम्ही पक्क्या नोकर.

आणि त्या फोनमध्ये आता काय काय आहे? गावातल्या प्रत्येक गरोदर बाईचं नाव, आधार, वजन. १ जुलै २०२५ पासून घरपोच आहार देताना बाईचा चेहराही फोननं टिपून पटवून घ्यायचा आदेश आहे. ही दुसऱ्यांची माहिती आहे. तिला कुलूप हवंच. सेविकेच्या घरी तो फोन पोरगा घेऊन हिंडला, तर उद्या गावातली एखादी बाई म्हणेल, माझी माहिती बाहेर कशी गेली? दोष कुणावर येईल? ताईवर. म्हणून मी म्हणते, माहिती इतकी जपायची आहे ना, मग फोनही सरकारनंच द्यावा, तो चालणारा द्यावा, आणि कामापुरताच असावा. बाईच्या घरच्या फोनवर सरकारची तिजोरी ठेवायची आणि राखणही तिलाच फुकट करायला लावायची, हे चालणार नाही.

बरं, सरकारनं फोन दिला म्हणजे प्रश्न मिटला असंही नाही. हरियाणात आशाताईंना फोन दिले, आणि २०२१ मध्ये त्यात एमडीएम ३६० शील्ड नावाचं ॲप घालायला सांगितलं. त्यातून फोन दुरून हाताळता येतो, बाई कुठं आहे हे कळू शकतं. आशाताई रस्त्यावर आल्या. आम्ही रात्री-अपरात्री बाळंतपणाला जातो, आमच्यावर पाळत कशाला, असं त्यांनी विचारलं. फोन तुमचा आहे, मी नाही, हे त्यांचं म्हणणं आपल्यालाही म्हणता आलं पाहिजे.

घरातली सक्ती

आता घराकडे वळू. कारण ऑफिसचा पिन घरात येतो आणि तिथं त्याचा दुसराच अर्थ होतो. ऑफिस म्हणतं लॉक लाव, नाहीतर काम नाही. घर म्हणतं लॉक काढ, नाहीतर संशय. मधे बाई.

काही नवरे मागतात, काही दमदाटी करतात, काही बाई झोपल्यावर तिचं बोट फोनला लावतात. हे मी मनचं सांगत नाही, दोन जणींनी मला सांगितलंय. म्हणून ज्यांना घरात असा धोका आहे त्यांनी बोटाची सोय बंद ठेवावी आणि आकडाच ठेवावा. जन्मतारीख नको, गाडीचा नंबर नको, लग्नाची तारीख तर नकोच.

कायदा काय म्हणतो? २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं, की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो लग्नानंतर संपतो असं कुठं लिहिलेलं नाही. २०२५ च्या जुलैत छत्तीसगड उच्च न्यायालयानं म्हटलं, की नवरा बायकोवर मोबाईलचा किंवा बँकेचा पासवर्ड देण्याची सक्ती करू शकत नाही. तो खाजगीपणाचा भंग आहे आणि कौटुंबिक हिंसाचारही ठरू शकतो. तो निकाल आपल्याकडच्या कोर्टावर बंधनकारक नाही, पण वकिलाला दाखवता येतो. मात्र त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं असंही ठरवलं, की नवरा-बायकोनं एकमेकांचं चोरून केलेलं रेकॉर्डिंग घटस्फोटाच्या खटल्यात पुरावा म्हणून येऊ शकतं. ही दुधारी सुरी आहे. मार खाणाऱ्या बाईला तिचा उपयोग होईल, आणि पाळत ठेवणाऱ्या नवऱ्यालाही होईल. आपण सावध असलेलं बरं.

आणि ऑफिससाठी कायदा? वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये निघाले, आणि तो टप्प्याटप्प्यानं लागू होतोय. आपली माहिती घ्यायची तर आपली संमती हवी, असं तो म्हणतो. पण त्याच्या सातव्या कलमात नोकरीसाठी सूट आहे. नोकरीच्या कामासाठी किंवा मालकाचं नुकसान टाळण्यासाठी माहिती वापरायची असेल, तर वेगळी संमती लागत नाही. म्हणजे दुकानदारापुढं आपल्याला जेवढं संरक्षण आहे, तेवढं मालकापुढं नाही. हे ध्यानात ठेवा.

आपल्याच मतदारसंघाच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत एक खाजगी विधेयक मांडलं होतं, कामाची वेळ संपल्यावर ऑफिसचा फोन, मेल न घेण्याच्या हक्काचं. डिसेंबर २०२५ मध्ये त्यांनी ते पुन्हा मांडलं. फ्रान्समध्ये असा कायदा २०१७ पासून लागू आहे. आपल्याकडे अजून झालेला नाही. त्या विधेयकानं वेळेचा प्रश्न विचारला. बाईसाठी तो खराच आहे, कारण तिची दुसरी पाळी घरी चुलीपाशी सुरू होते. पण त्याच्या जोडीला वस्तूचाही प्रश्न विचारायला हवा. वेळ संपली, बाई घरी आली, मेल उघडलं नाही, तरी ऑफिसचा नियम तिच्या पिशवीत असतोच.

मग करायचं काय?

आज घरी गेल्यावर करायच्या गोष्टी आधी सांगते. फोनच्या सेटिंगमध्ये सुरक्षेच्या भागात 'डिव्हाइस ॲडमिन' नावाची यादी असते. तिथं कुणाचं नाव आहे ते बघा. कामाचं नसलेलं, ओळखीचं नसलेलं काही दिसलं तर जाणकार मैत्रिणीला दाखवा, दुकानात देऊ नका. फोटो, आवाज, कागद यांची एक प्रत बहिणीकडे, माहेरी किंवा स्वतःच्या मेलवर ठेवा. नोकरी सोडायची असेल तर राजीनामा द्यायच्या आधी ठेवा. आणि लॉक लावलेल्या फोनवरूनही ११२ लागतो, तिथं आकडा लागत नाही, हे घरातल्या म्हातारीला आणि पोरांना शिकवा. म्हणजे "लॉक असलं तर अडीअडचणीला काय करायचं" हा बहाणा उरत नाही. घरात त्रास होत असेल तर १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे.

ऑफिसात मागायच्या गोष्टी चार. मेल फोनवर हवंच असेल तर फोन ऑफिसनं द्यावा. आपल्याच फोनवर घ्यायचं ठरलं तर कामाचा कप्पा वेगळा करून द्यावा आणि अख्खा फोन पुसायचा अधिकार सोडावा. ऑफिस काय बघू शकतं आणि काय पुसू शकतं हे मराठीत, लेखी, 'मान्य' दाबायच्या आधी द्यावं. आणि जिला स्वतःच्या फोनवर मेल नको असेल, तिच्या बढतीवर किंवा कामावर त्याचा परिणाम होऊ नये.

इथं मागून एका ताईंनी विचारलंय, "असं बोललं तर साहेब म्हणतील, जमत नसेल तर घरी बस." बरोबर आहे. एकटीनं बोललं तर तसंच म्हणतील. म्हणून एकटीनं बोलायचं नाही. एका कचेरीत चार बायका असतील तर चौघींच्या सह्यांचं पत्र. आणि भाषा भांडणाची नको. "फोन हरवला तर ऑफिसच्या माहितीला धोका आहे, त्यासाठी वेगळा कप्पा करून मिळावा," असं लिहा. ऑफिसच्याच भल्याचं आहे ते. बऱ्याच ठिकाणी साहेबालाही माहीत नसतं की पुसायचं बटण अख्ख्या फोनवर चालतं. माझ्या आधीच्या कार्यालयात पुण्याहून कुणीतरी यंत्रणा लावून गेलं होतं, इथल्या कुणालाच पत्ता नव्हता. अंगणवाडीताईंनी एकेकटीनं फोन परत केला असता तर नोटीस आली असती. त्या सगळ्या मिळून गेल्या, म्हणून राज्याला ऐकावं लागलं.

दुसऱ्या एकीनं विचारलंय, "नवऱ्यावर विश्वास असेल तर नंबर दिला म्हणून काय झालं?" काही झालं नाही. मनानं दिलात तर तो तुमचा निर्णय. माझ्या वडिलांनी आईची किल्ली कधी मागितली नाही, तरी पेटी वर कुठं ठेवलीय ते त्यांना माहीत होतंच. मी एवढंच विचारते, की उद्या तुम्ही आकडा बदललात आणि सांगितला नाहीत, तर घरात काय होईल? काहीच होणार नसेल तर खुशाल द्या. भांडण, मारझोड होणार असेल तर तो विश्वास नाही, ती सक्ती आहे. ऑफिसलाही मी हाच प्रश्न लावते. नाही म्हटलं तर काय होईल, याचं उत्तर ज्या गोष्टीत नोकरी जाईल असं असतं, तिथं 'मान्य' या शब्दाला अर्थ उरत नाही.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं एक काम करून यायचं. ज्या नोकरी करतात त्यांनी आपल्या फोनवर ऑफिसचा कोणता नियम लागलाय ते कागदावर लिहून आणायचं. अंगणवाडीताईंनी आपण सरकारी फोन वापरतो की घरचा, आणि रिचार्ज कोण भरतं, ते लिहून आणायचं. दोन्ही तालुक्यांतले कागद एकत्र केले की आपल्याकडं पुरावा तयार होईल, आणि मग पत्र कुणाला लिहायचं ते बसून ठरवू.

ज्यांना फोनची ती यादी आत्ताच बघायची आहे त्यांनी जेवणाच्या सुट्टीत माझ्याजवळ या. चष्मा आणलाय मी.